क्रियापदाच्या मागून येणारे उपसर्ग

इंग्रजी भाषेंतील कठीण शब्द आमच्या विद्यार्थ्यांस फारसे अडवीत नाहींत. अडवितात ते सोपे शब्द. ‘प्रोक्रॅस्टिनेट’ हा शब्द समोर आला म्हणजे विद्यार्थी कोश उघडतो, दिरंगाई करणें हा अर्थ टिपून घेतो आणि पुढें जातो. परंतु ‘पुट’ आणि ‘ऑफ’ हे दोन शब्द त्याला शाळेच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक असतात. ते शेजारीं शेजारीं आले म्हणजे कोश उघडण्याची गरजच त्याला वाटत नाहीं. वक्त्याच्या उद्दाम स्वरामुळें एक गृहस्थ ‘पुट ऑफ’ झाले असें वाक्य आलें, तर त्या गृहस्थांना कोणीं तरी पुढच्या आठवड्यावर ढकललें असावें, असा तर्क करणारे विद्यार्थी मीं पाहिले आहेत. वास्तविक गृहस्थांचें मन विटलें, एवढाच तेथें अर्थ. वाचकाला आपण कांहीं चुकलों आहों ह्याची शंकाही येत नाहीं, आणि तो पुढच्या पानाकडे वळतो.

अशा जोड्यांना इंग्रजींत ‘फ्रेझल व्हर्ब’ म्हणतात. हें नांव रूढ केलें तें लोगन पिअर्सल स्मिथ ह्यांनीं आपल्या ‘वर्ड्स अँड इडियम्स’ ह्या १९२५ सालच्या पुस्तकानें; नांव सुचविल्याचें श्रेय त्यांनीं ऑक्सफर्ड कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली ह्यांना दिलें आहे. मराठींत आपण त्यांना जोडक्रियापदें म्हणूं. नांव शंभर वर्षांचें असलें तरी वस्तु फार जुनी आहे, आणि तिची अडचण परकीयांनाच वाटते असेंही नाहीं. स्वतः इंग्रज कोशकारांना तिनें घाम फोडला आहे.

आमच्याकडे हा विषय शिकविण्याची जी रीत पडली आहे ती यादीची. पूर्वीं मॅट्रिकच्या परीक्षेसाठीं अशीं पुस्तकें निघत, आतां स्पर्धा-परीक्षांसाठीं निघतात; आंतील मजकुरांत फरक थोडा. डाव्या बाजूस इंग्रजी जोडी, उजव्या बाजूस तिचा मराठी अर्थ, आणि मध्यें एक आडवी रेघ. ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणें, ‘गिव्ह इन’ म्हणजे शरण जाणें, ‘गिव्ह ओव्हर’ म्हणजे पुन्हां सोडून देणें. अशी यादी खोटी असते असें मी म्हणत नाहीं. बहुधा ती खरीच असते. परंतु ज्या प्रश्नासाठीं विद्यार्थी तिच्याकडे जातो तो प्रश्न तिला ऐकूंच येत नाहीं. ‘गिव्ह अप’चा अर्थ त्याला संदर्भावरून पुसटसा कळलेलाच असतो. त्याला हवें असतें तें हें, कीं लेखकानें येथें ‘गिव्ह अप’ कां लिहिलें आणि ‘गिव्ह इन’ कां लिहिलें नाहीं. दोन शब्दांमधील भेद हा दोन ओळींमध्यें असतो, आणि यादींत ओळींच्या मध्यें कांहींच छापलेलें नसतें.

हीच जोडी थोडी बारकाईनें पाहूं. एखाद्या माणसानें तंबाखू सोडण्याचा निश्चय केला आणि आठवड्यानें पुन्हां चंची उघडली. ह्या एकाच घटनेचें वर्णन इंग्रजींत दोन तऱ्हांनीं करतां येईल. निश्चयाकडे पाहिलें तर त्यानें निश्चय ‘गिव्ह अप’ केला. तलफेकडे पाहिलें तर तो तलफेला ‘गिव्ह इन’ झाला. ‘गिव्ह अप’मध्यें जें सोडावयाचें तें आपलें असतें : आपला हक्क, आपली संवय, आपली आशा, आपला प्रयत्न. समोर कोणी असलाच पाहिजे असें नाहीं. ‘गिव्ह इन’मध्यें मात्र समोर कोणी तरी दाब देणारा असावाच लागतो, मग तो हट्ट करणारा मुलगा असो, सावकार असो कीं स्वतःचीच एखादी वासना असो, आणि दाब पुष्कळ वेळ सोसून मग तो असह्य झाला, एवढा पूर्वेतिहासही त्या लहानशा ‘इन’मध्यें येतो. भिंत आंत झुकावी तसें हें झुकणें. जेथें दोन्ही चालतात तेथेंही भेद उरतोच. कोडें सुटलें नाहीं म्हणजे आमचीं मुलें ‘हरलों, सांग’ म्हणतात. इंग्रज मुलें तेथें ‘गिव्ह अप’ही म्हणतात आणि ‘गिव्ह इन’ही. परंतु पहिल्यानें प्रयत्न संपल्याचें कळतें, दुसऱ्यानें कोडें घालणाऱ्याची सरशी मान्य होते.

हा भेद किती दूरवर जातो हें पाहावयाचें असेल तर जेन ऑस्टेनची ‘पर्सुएशन’ ही कादंबरी घ्यावी. लेखिकेच्या मृत्यूनंतर १८१७ सालच्या डिसेंबरांत ती प्रसिद्ध झाली. अ‍ॅन एलियट ही एकोणीस वर्षांची असतांना वेंटवर्थ ह्या निर्धन नौदल अधिकाऱ्याशीं तिचें लग्न ठरतें. आईच्या ठिकाणीं असलेल्या लेडी रसेल तिची समजूत घालतात आणि अ‍ॅन तें लग्न मोडते. पुढें साडेआठ वर्षांनीं वेंटवर्थ श्रीमंत होऊन परत येतो. आतां अ‍ॅननें केलें काय? पुढील शब्द माझे आहेत, कादंबरींतील वाक्यें म्हणून मी ते देत नाहीं. परंतु इंग्रजींत तिनें त्याला ‘गिव्ह अप’ केलें असेंही म्हणतां येईल, आणि ती ‘गिव्ह इन’ झाली असेंही. वेंटवर्थच्या मनांतील सल दुसऱ्या वाक्याचा आहे : ही मुलगी दुसऱ्याच्या दाबापुढें वांकली, हिला कणा नाहीं. अ‍ॅनच्या मनांतील दुःख पहिल्या वाक्याचें आहे : जें माझें होतें तें मीं हातानें सोडलें. शेवटीं दोघांची मनें जुळल्यावरही, आपण लेडी रसेलचें ऐकलें तें योग्यच केलें, हें अ‍ॅन सोडीत नाहीं. म्हणजे वांकणेंही कर्तव्य असूं शकतें असें तिचें म्हणणें. दोन्ही ठिकाणीं ‘नकार दिला’ असें लिहून मोकळा होणारा भाषांतरकार कथानक सांगेल, पण वाद सांगणार नाहीं; आणि त्या कादंबरींत वादाखेरीज फारसें कांहीं नाहीं. मराठींत हा वाद येऊं शकत नाहीं असें मात्र नव्हे. ‘तिनें त्याला सोडलें’ आणि ‘तिनें मान तुकविली’ हीं दोन वाक्यें आपल्या घरचींच आहेत.

‘गिव्ह’चीं बाकीचीं भावंडें इतकीं खोल नाहींत. ‘गिव्ह आउट’ म्हणजे आंतला सांठा संपणें. दम, तेल, पाय हे ‘गिव्ह आउट’ होतात, आणि त्यांत कोणाची इच्छा नसते. ‘गिव्ह अवे’ ह्याची मात्र मोठी मौज आहे. इंग्रजी विवाहविधींत बाप मुलीला ‘गिव्ह अवे’ करतो, आणि चोराचा चेहरा चोराला ‘गिव्ह अवे’ करतो. कन्यादान आणि बिंग फुटणें ह्या दोन क्रिया एका क्रियापदांत नांदतात, कारण जें एकदां हातून गेलें तें परत घेतां येत नाहीं हें दोहोंत समान आहे.

वर्तमानपत्रांच्या भाषांतरांत जी जोडी पुष्कळदां घोटाळा करते ती ‘पुट ऑफ’ आणि ‘कॉल ऑफ’ ह्यांची. ‘पुट ऑफ’ केलेली सभा पुढें केव्हां तरी व्हावयाची असते. ‘कॉल ऑफ’ केलेली होणार नसते. ‘कॉल ऑफ’ हा प्रयोग शिकारी कुत्र्यांच्या बाबतींतही करतात, आणि तेथें त्याचें चित्र स्पष्ट दिसतें : सावजामागें सोडलेल्या कुत्र्यांना मालक हांक मारून माघारीं घेतो. ज्यानें सोडलें त्यानेंच परत बोलवावयाचें, हा अर्थ संपाच्या बाबतींतही कायम आहे. इंग्लंडांतील १९२६ सालचा सार्वत्रिक संप मजूरसंघांच्या मध्यवर्ती मंडळानें १२ मे रोजीं ‘कॉल ऑफ’ केला. तो सुरू होऊन नऊ दिवस झाले होते, म्हणून तेथें ‘पुट ऑफ’चा प्रश्नच नव्हता. ज्यांच्यासाठीं तो पुकारला होता ते खाणकामगार मात्र पुढें कित्येक महिने ‘होल्ड आउट’ करीत राहिले, आणि उपासमार असह्य झाल्यावर ‘गिव्ह इन’ झाले. तीन जोडक्रियापदांत त्या वर्षाचा इतिहास आला. उलट मुंबईच्या गिरणी कामगारांचा १९८२ सालच्या जानेवारींत सुरू झालेला संप रीतसर ‘कॉल ऑफ’ झालाच नाहीं. तो ‘पीटर आउट’ झाला, विरत विरत गेला. ह्या संपाविषयीं ‘संप मिटला’ असें लिहिणें म्हणजे जें कोणींच केलें नाहीं तें कोणीं तरी केलें असें सांगणें होय.

इतक्या कामाचे हे शब्द. पण इंग्रज विद्वानांनीं त्यांना फार काळ पंक्तीला बसूं दिलें नाहीं. लॅटिन हें सतराव्या शतकांतील पंडितांचें प्रमाण होतें, आणि लॅटिनमध्यें वाक्याच्या शेवटीं असे लोंबते शब्द येत नाहींत. ड्रायडननें १६७२ सालीं बेन जॉन्सनच्या वाक्यांत शेवटीं येणाऱ्या शब्दयोगी अव्ययांना नांवें ठेवलीं, आणि स्वतःचा नाट्यकाव्यावरील निबंध पुन्हां छापतांना त्यांतील तसलीं वाक्यें फिरवून लिहिलीं. आपली इंग्रजी शुद्ध आहे कीं नाहीं ह्याची शंका आली म्हणजे आपण तिचें मनांत लॅटिन करून पाहतों, असेंही त्यानें एके ठिकाणीं कबूल केलें आहे. आमच्यांतील कांहीं लेखक मराठी वाक्याचें मनांत इंग्रजी करून पाहतात, त्यांना हा पूर्वज ओळखीचा वाटेल. त्या मानानें डॉक्टर जॉन्सन उदार निघाला. लॅटिनप्रचुर भाषेबद्दल ज्याला लोक हंसले त्यानेंच १७५५ सालच्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेंत ह्या जोड्यांचा स्वतंत्र उल्लेख केला, परकीयांना इंग्रजींत सर्वांत अधिक अडचण येथें पडते असें बजाविलें, आणि त्या आपण कसोशीनें गोळा केल्याचें सांगितलें. ‘टेक’ ह्या एका क्रियापदाखालीं त्यानें शंभरावर अर्थ दिले आहेत. नक्कल करणें ह्या अर्थीं ‘टेक ऑफ’ त्यानें उदाहरणादाखल घेतलें आहे. तो अर्थ अजून जिवंत आहे, जरी आज तो शब्द ऐकतांच विमान डोळ्यांपुढें येतें.

ह्या शब्दांना हीन लेखणाऱ्या लॅटिनाभिमान्यांना संस्कृत येत असतें तर त्यांचा वाद तेथेंच संपला असता. आपल्याला शाळेंत शिकवितात कीं उपसर्ग धातूच्या आधीं लागतो. आहार, विहार, संहार, प्रहार हीं उदाहरणें सर्वांना पाठ आहेत. परंतु हा नियम सांगतांना पाणिनीनें लगेच पुढें सांगून ठेवलें आहे कीं वेदांत उपसर्ग धातूच्या मागूनही येतात, आणि दोहोंच्या मध्यें दुसरे शब्दही येऊं शकतात. ‘टेक इट अप’ ह्या तीन शब्दांत जें घडतें तें हेंच. आणखी एक साम्य आहे, तें कानाचें. वेदांत मुख्य वाक्यांतील क्रियापद सामान्यतः अनुदात्त असतें आणि सुटा उपसर्ग उदात्त असतो. इंग्रज माणूस ‘ही गेव्ह अप’ म्हणतो तेव्हां त्याचा जोर ‘गेव्ह’वर नसून ‘अप’वर पडतो. दोन भाषांच्या दोन टोकांना हा योग यावा ह्याचें मला नेहमीं कौतुक वाटत आलें आहे, जरी त्यावरून एकीचा दुसरीवर परिणाम झाला असें कोणीं अर्थात् समजूं नये.

जुन्या इंग्रजींत उपसर्ग पुष्कळदां क्रियापदाच्या आधीं चिकटलेला असे. पुढें तो सुटून मागें आला. जुन्या पद्धतीचे कांहीं शब्द शिल्लक राहिले आणि नव्या पद्धतीचे त्यांच्या शेजारीं उगवले, त्यामुळें इंग्रजींत अशीं जुळीं दिसतात कीं ज्यांचे अवयव तेच आणि स्वभाव विरुद्ध. ‘ओव्हरलुक’ म्हणजे नजरेआड करणें, ‘लुक ओव्हर’ म्हणजे नजरेखालून घालणें. ‘अपसेट’ म्हणजे उलथून टाकणें, ‘सेट अप’ म्हणजे उभें करणें. ‘अपहोल्ड’ केलेला निकाल वरच्या न्यायालयांत टिकतो; ‘होल्ड अप’ झालेला निकाल बाहेरच पडत नाहीं. कायद्याच्या विद्यार्थ्यानें ह्या शेवटच्या दोहोंत गल्लत केली तर काय होईल हें सांगण्याची आवश्यकता नाहीं.

आतां मूळ प्रश्न. ह्या मागून येणाऱ्या उपसर्गांना स्वतःचा अर्थ आहे कीं नाहीं? हा प्रश्नही आपल्याकडे जुनाच आहे. यास्काच्या निरुक्तांत दोन मतें दिलीं आहेत. शाकटायन म्हणतो कीं धातूपासून तोडलेल्या उपसर्गाला निश्चित अर्थ नाहीं, तो नामाचा किंवा क्रियापदाचा अर्थ उजळून दाखवितो इतकेंच. गार्ग्य म्हणतो, उपसर्गांना स्वतःचे अर्थ आहेत आणि ते नाना प्रकारचे आहेत. यादी करणारे आपल्याला न कळत शाकटायनाच्या पक्षाचे आहेत : जोडी अखंड घ्यावी, पाठ करावी, फोडूं नये. गेल्या चाळीसपंचेचाळीस वर्षांत अमेरिकेंतून जो नवा पक्ष निघाला तो गार्ग्याचा. जॉर्ज लॅकॉफ व मार्क जॉन्सन ह्यांनीं १९८० सालीं आपल्या रूपकांवरील पुस्तकांत असें मांडलें कीं वर-खालीं, आंत-बाहेर ह्या शरीराच्या अनुभवांवरच आपल्या अमूर्त कल्पना बेतलेल्या असतात. पुढच्याच वर्षीं सूझन लिंडनर ह्यांनीं आपल्या प्रबंधांत ‘आउट’ आणि ‘अप’ ह्या दोनच शब्दांचीं शेकडों जोडक्रियापदें तपासून त्यांच्या मागें कांहीं थोडीं चित्रें असल्याचें दाखविलें.

ह्या दुसऱ्या पक्षानें शिकविण्याचें काम पुष्कळच सुखावह केलें आहे, हें मान्य करावयास हवें. ‘मेक अप’ ह्या जोडीचे अर्थ पाहावे : गोष्ट रचणें, भांडण मिटविणें, तोटा भरून काढणें, नटानें रंग लावणें, पुडी बांधणें. यादींत हे पांच वेगळे आंकडे असतात. पण उणें होतें तें गोळा करून पुरें केलें, एवढें चित्र मनांत धरलें कीं पांचांची एक ओवी होते. ‘मेक आउट’मध्यें तसेंच गर्दींतून किंवा धुक्यांतून एक आकृति बाहेर काढणें आहे, म्हणून अंधारांत माणूस ‘मेक आउट’ होतो, आणि वकील कागदांच्या ढिगांतून आपली बाजू ‘मेक आउट’ करतो.

परंतु ‘अप’कडे मराठीच्या बाजूनें पाहिलें म्हणजे हा सुखाचा मार्ग थोडा बिकट होतो. ‘फ्लेअर अप’ला आपण भडकून उठणें म्हणतों, येथें ‘उठणें’ हें ‘अप’चें अक्षरशः भाषांतर झालें. ‘ईट अप’, ‘टेअर अप’ ह्यांना आपण खाऊन टाकणें, फाडून टाकणें म्हणतों. ‘सेव्ह अप’, ‘लॉक अप’ ह्यांना सांठवून ठेवणें, कोंडून ठेवणें. म्हणजे इंग्रजाचा एक ‘अप’ आपल्याकडे येतांना उठणें, टाकणें आणि ठेवणें अशा तीन वाटांनीं फुटतो. पूर्णता तिन्हींत आहे, पण पूर्ण झाल्यावर वस्तु उरली कीं नाहीं हा प्रश्न इंग्रज ‘अप’ला विचारीत नाहीं आणि मराठी तो विचारल्यावांचून राहत नाहीं. ज्या विद्यार्थ्याला ‘अप म्हणजे पूर्णपणें’ एवढेंच सांगितलें त्याला अर्धेंच सांगितलें; ज्याला टाकणें आणि ठेवणें ह्यांचा भेद दाखवून दिला त्याला इंग्रजीचें आणि स्वतःच्या भाषेचें, दोन्हींचें कांहीं तरी मिळालें. मराठी व्याकरणकारांत संयुक्त क्रियापद मानावें कीं मानूं नये ह्याविषयीं मोठा वाद झालेला आहे. तो कसाही सुटो. बोलून टाकलें, बोलून ठेवलें, बोलून दाखविलें, बोलून बसला ह्या चार प्रयोगांतील अंतर ज्या मुलाला उपजत कळतें, त्याला ‘ब्लर्ट आउट’ आणि ‘स्पीक आउट’ ह्यांतील अंतर पाठ करावयास लावणें हा मला शुद्ध अपव्यय वाटतो. पहिलें ‘बोलून बसला’, दुसरें ‘बोलून दाखविलें’.

चित्रवाद्यांचा खरा अडसर पुढें आहे. वर आणि खालीं ह्यांचे अर्थ सर्व मनुष्यजातीला सारखे असते तर ‘लुक डाउन ऑन’ आणि ‘लुक अप टु’ हीं आपल्याला आपोआप कळावयास हवीं होतीं. इंग्रज ज्याच्याकडे ‘लुक डाउन’ करतो त्याला तो तुच्छ लेखतो. मराठी बाप मुलाला म्हणतो, ‘तुझ्यामुळें मला चार माणसांत खालीं पाहावें लागलें,’ आणि येथें तुच्छ झालेला तो पाहणाराच आहे. इंग्रज ज्याला ‘लुक अप’ करतो त्याचा तो आदर करतो. आपल्याकडे ‘वर तोंड करून बोलणें’ हा उद्धटपणा आहे. दोन्ही भाषांत शरीरें सारखीं, मान सारखी, डोळे सारखे. फरक इतकाच कीं इंग्रजानें पाहणारा कोठें उभा आहे तें चित्रांत घेतलें आणि आपण मान कशी धरली आहे तें घेतलें. दोन्ही चित्रें समजतात, पण समजतात तीं अर्थ कळल्यानंतर. चित्रावरून अर्थ आधींच ओळखतां येईल असें जें आश्वासन कांहीं नवीं पाठ्यपुस्तकें देतात तें पोकळ आहे. ‘बर्न अप’ आणि ‘बर्न डाउन’ घ्या. कागद ‘बर्न अप’ होतो, म्हणजे कांहीं उरत नाहीं. घर ‘बर्न डाउन’ होतें, म्हणजे जळून खालीं कोसळतें. मेणबत्ती ‘बर्न डाउन’ होते, म्हणजे जळतां जळतां आखूड होते. विस्तव ‘बर्न अप’ होतो, म्हणजे पुन्हां पेट घेतो. चारही ठिकाणीं चित्र चोख बसतें. आतां ‘स्लो अप’ आणि ‘स्लो डाउन’ घ्या : दोहोंचा अर्थ मंदावणें. येथें चित्र काढून बसणाऱ्याची करमणूक होईल, विद्यार्थ्याची सोय होणार नाहीं. ‘पुट अप विथ’, म्हणजे सोसणें, ह्यांतील तीन शब्द तीन दिशांना ओढतात आणि अर्थ चवथीकडेच निघतो. ‘ईट अप’पुरता गार्ग्य खरा, ‘पुट अप विथ’पुरता शाकटायन, ह्याहून एकमुखी निर्णय देतां येईल असें मला वाटत नाहीं.

शब्दांची जागा बदलली कीं अर्थ कसा बदलतो, इकडे मात्र दोन्ही पक्षांचें लक्ष कमी आहे. ‘आय सॉ थ्रू हिम’ म्हणजे त्याचें ढोंग मीं ओळखलें. ‘आय सॉ हिम थ्रू’ म्हणजे त्याच्या अडचणींत मीं त्याला शेवटपर्यंत साथ दिली. शब्द तेच, एक सर्वनाम मध्यें सरकलें आणि संशयी माणसाचा उपकारकर्ता झाला. पहिल्यांत ‘थ्रू’ हें शब्दयोगी अव्यय ‘हिम’ला बांधलेलें आहे, दुसऱ्यांत तें क्रियापदाचें आहे, आणि बोलतांना जोर त्याच्यावर येतो. छापील पानावर जोर दिसत नाहीं. म्हणून ज्यांनीं इंग्रजी डोळ्यांनींच शिकली, आणि आमच्या पिढ्यान् पिढ्या ती तशीच शिकल्या, त्यांच्या हातून असलें वाक्य सहज निसटतें. तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालेवर वाढलेल्या माणसाचें इंग्रजी व्याकरण चोख असे, पण हा जोर त्याच्या कानाशीं कधीं आलेलाच नसे.

त्याचा परिणाम आमच्या इंग्रजीवर दोन प्रकारांनीं झाला. एक असा, कीं आम्हांला जोडक्रियापदांपेक्षां लॅटिन घराण्यांतले शब्द जवळचे वाटूं लागले. आग ‘पुट आउट’ करण्यापेक्षां ‘एक्स्टिंग्विश’ करणें, मुलाला ‘ब्रिंग अप’ करण्यापेक्षां ‘एज्युकेट’ करणें आम्हांला सभ्य वाटतें. तत्सम शब्दांवर पोसलेल्या मनाला हें साहजिकच. ‘विझविणें’ लिहितांना ज्याला ‘अग्निशमन’ आठवतें तो इंग्रजींतही तेंच करणार. दुसरा परिणाम उलट दिशेचा. ‘कीप अप विथ’ आणि ‘पुट अप विथ’ ह्यांच्या धर्तीवर आम्हीं ‘कोप अप विथ’ तयार केलें; इंग्रज नुसतें ‘कोप विथ’ म्हणतो. तर्कानें ह्या ‘अप’वर खटला चालवितां येणार नाहीं, कारण ‘स्लो अप’मधील ‘अप’ तरी कोणतें काम करतो? कानाला खटकतें, एवढेंच मी म्हणेन, आणि माझ्या विद्यार्थ्यांच्या वह्यांतून तें खोडीत राहीन. पण आमच्या सर्वच प्रयोगांना अशुद्ध ठरविण्याची जी घाई दिसते ती मला मान्य नाहीं. फॉर्म ‘फिल अप’ करणें ह्यास आज इंग्रज हंसतो, कारण तो ‘फिल इन’ करतो. अमेरिकन ‘फिल आउट’ करतो, आणि त्याला कोणी हंसत नाहीं. वास्तविक ‘फिल अप’ हा जुन्या ब्रिटिश वापरांतलाच प्रयोग. त्यांनीं तो टाकला, आम्हीं ठेवला. कचेरींतील कारकून प्रकरण साहेबांपुढें ‘पुट अप’ करतो तेंही मला सार्थ वाटतें. कागद खालून वर जावयाचा असतो, आणि त्या एका ‘अप’मध्यें कचेरीच्या सर्व पायऱ्या दिसतात. ‘सबमिट’मध्यें त्या दिसत नाहींत. ‘पास आउट’ची गोष्ट निराळी. लष्करी विद्यालयांतून शिक्षण संपवून बाहेर पडणाऱ्या तरुणांना तो शब्द इंग्लंडांतही लावतात. आम्हीं तो सर्व पदवीधरांना लावला. मात्र परदेशीं जाणाऱ्या विद्यार्थ्यानें एवढें ध्यानांत ठेवावें कीं आपण अमुक सालीं ‘पास आउट’ झालों असें सांगितल्यास ऐकणारा बहुधा त्या सालच्या आपल्या मूर्च्छेची चौकशी करील.

भाषांतर करणारानें मराठी प्रतिशब्द शोधावयाचे ते कोठें, हें सांगावयाचें राहिलें. मोल्सवर्थनें आरंभिलेला इंग्रजी-मराठी कोश कँडीनें १८४७ सालीं पुरा केला, आणि मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ति १८५७ सालीं निघाली. ह्या दोहोंपैकीं भाषांतरकाराला अधिक उपयोगी पडतो तो दुसराच, असा माझा अनुभव आहे. इंग्रजी जोडीपासून निघालें म्हणजे सपाट शब्द हातीं लागतो. मराठी वाक्प्रचारांतून फिरत राहिलें म्हणजे कधीं कधीं जोडीदार आपण होऊन भेटतो. आपल्याकडे क्रियापद आणि उपसर्ग ह्यांच्या खेळाऐवजीं नाम आणि विभक्ति ह्यांचा खेळ आहे. मनावर घेणें, मनाला लावून घेणें, मनांत ठेवणें, मनांतून उतरणें. अंगावर घेणें, अंगावर काढणें, अंगाशीं येणें. ह्यांतील प्रत्येक प्रयोग मराठी शिकणाऱ्या इंग्रजाला ‘पुट’ आणि ‘गेट’इतकाच छळीत असला पाहिजे. ताप ‘अंगावर काढला’ ह्याला इंग्रजी काय? ‘शेक ऑफ’ नव्हे, तो ताप झटकणें झाला. औषध न घेतां, कामें न टाकतां त्यांतून पार होणें. ‘सी इट थ्रू’ हें कांहींसें जवळ येतें. आणि ‘गेट अवे विथ’ला मराठी काय? कोशकार ‘शिक्षा न होतां सुटणें’ असें चार शब्दांचें लांबट वाक्य देतात. पण लांच खाल्लेल्या अधिकाऱ्याविषयीं आपण काय म्हणतों? त्यानें ती पचविली. ‘गेट अवे विथ’मधील मुद्देमालासकट निसटणें ‘पचविणें’मध्यें येत नाहीं, आणि ‘पचविणें’मधील ढेंकर इंग्रजींत जात नाहीं, तरी ह्या दोन क्रियापदांखालीं दोन्ही देशांतील एकाच प्रकारचीं माणसें सांपडतात.